विरघळणाऱ्या धाग्यावर वाढते रक्तवाहिनी

साडीच्या दुकानात ‘टिश्यू’ म्हटले की गिऱ्हाइकापुढे जरीच्या बाण्याचे झिरझिरीत कापड पसरले जाते. दवाखान्यात तोच शब्द निघाला की डॉक्टर कातडी, मांस, कूर्चा यांच्याविषयी बोलत असतो. हा योगायोग नव्हे. ‘विणलेले’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून दोन्ही आले आहेत. अरबीत कापडाला ‘नसीज’ म्हणतात आणि शरीरातील पेशींच्या थरांनाही नसीजच म्हणतात. आपल्या शास्त्रीय मराठीतला ‘ऊती’ हा शब्दसुद्धा विणण्याच्या संस्कृत धातूशी नाते सांगतो. भाषांनी जे फार पूर्वी ओळखले होते ते गेल्या चाळीस वर्षांत काही प्रयोगशाळांनी अक्षरशः करून दाखवले आहे. धाग्याची जाळी करायची, तिच्यावर जिवंत पेशी पेरायच्या, धागा विरघळून जाऊ द्यायचा आणि मागे उरलेला पदार्थ माणसाच्या शरीरात शिवायचा.

१९ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या पद्धतीने बनलेल्या एका रक्तवाहिनीला विक्रीचा परवाना दिला. तिचे नाव ‘सिमव्हेस’ आणि बनवणारी कंपनी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहॅम शहरची ह्युमासाइट. अपघातात वा गोळीबारात हातापायाची मोठी रक्तवाहिनी फाटली, अवयव वाचवण्यासाठी तातडीने जोडणी हवी आणि रुग्णाची स्वतःची शीर काढून वापरणे शक्य नसेल, तर ही नळी वापरायची. पहिला प्रयोग प्रसिद्ध झाल्यापासून हा परवाना हाती पडेपर्यंत पंचवीस वर्षे गेली. या काळात या क्षेत्रातल्या कंपन्यांची दिवाळी निघाली, लाचखोरीचा खटला झाला, आणि एका नामांकित सर्जनला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

व्यापार-उद्योगाच्या पानावर हा विषय घेण्याचे एक कारण हे. दुसरे असे की या शास्त्राचा कच्चा माल आणि कारागिरी आपल्या विणकर, पिंजारी आणि कुरेशी बिरादऱ्यांच्या कामाशी आश्चर्य वाटावे इतकी जवळची आहे.

तातीपासून सुरुवात

पिंजाऱ्याच्या कमानीला लावतात ती तात जनावराच्या आतड्याची. आतडे धुऊन, खरवडून, पीळ देऊन ताणून वाळवले की चिवट दोरी तयार होते. शस्त्रक्रिया करणारे हकीमही शतकानुशतके हाच धागा वापरत आले. कुर्तुबा, म्हणजे आजच्या स्पेनमधील कॉर्डोबा, येथील अबुल कासिम अज-जहरावी यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘अत-तसरीफ’ या आपल्या तीस भागांच्या ग्रंथात आतड्याची जखम जनावराच्या आतड्यापासून काढलेल्या बारीक धाग्याने शिवण्याविषयी लिहून ठेवले आहे. हा धागा शरीरात हळूहळू विरघळतो. टाके काढायला पुन्हा पोट उघडावे लागत नाही.

पुढे हा धागा जगभर ‘कॅटगट’ नावाने विकला गेला. नावात मांजर असले तरी माल मेंढ्यांच्या आणि गुरांच्या आतड्याचा. दोष एकच, पण मोठा. तो कधी विरघळेल याचा नेम नसे. एका रुग्णात आठवड्यात ढिला पडे, दुसऱ्यात महिनाभर टिके, आणि परक्या प्राण्याचा पदार्थ म्हणून जखम सुजे ती वेगळीच.

या दोषावर रसायनशास्त्राने उतारा काढला. १९७० साली अमेरिकेत ‘डेक्सॉन’ हा कृत्रिम विरघळणारा धागा बाजारात आला. तो पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा होता. यापुढे त्याला आपण पीजीए म्हणू. चार वर्षांनी ‘विक्रिल’ आला. त्यात पीजीएच्या घटकाचे नव्वद भाग आणि लॅक्टिक आम्लाच्या घटकाचे दहा भाग असतात. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याला आंबटपणा देणारेच आम्ल. हे धागे शरीरातल्या नुसत्या पाण्याने तुटतात, म्हणून त्यांचा वेग ठरवता येतो. विक्रिल साधारण ५६ ते ७० दिवसांत नाहीसा होतो. पीजीए आपली ताकद दोन ते चार आठवड्यांत गमावतो. निव्वळ पॉलिलॅक्टिक आम्लाचा धागा वर्षभराहून अधिक राहतो. दोन्हींचे प्रमाण बदलावे तसा टिकण्याचा काळ बदलतो. पुढे गुरांच्या ‘मॅड काऊ’ रोगाच्या भीतीने २००१च्या सुमारास युरोपने कॅटगट बंद केला. आतड्याच्या व्यापाऱ्यांचे एक जुने गिऱ्हाईक असे हातचे गेले.

केप कॉडचे शेवाळ

बोस्टनच्या लहान मुलांच्या रुग्णालयात डॉ. जोसेफ व्हॅकँटी हे यकृताचे प्रत्यारोपण करीत. मुले रांगेत असत, यकृते मिळत नसत. डॉ. रॉबर्ट लँगर हे शेजारच्या एमआयटी या संस्थेत रसायन अभियंता होते. अवयवच मिळत नसेल तर त्याच्या पेशी वाढवून अवयव घडवता येईल का, हा दोघांपुढचा प्रश्न होता. काचेच्या बशीत पेशी सपाट थरात वाढत, पण थर जाड होऊ लागला की आतल्या पेशी मरत. कारण साधे होते. पेशीला प्राणवायू रक्ताच्या बारीक नलिकेतून मिळतो आणि ती नलिका मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाहून दूर असेल तर पेशी जगत नाही.

१९८६ साली केप कॉडच्या समुद्रकिनाऱ्यावर व्हॅकँटींना पाण्यात फांद्यांवर फांद्या फुटलेले शेवाळ दिसले. थोड्या जागेत एवढा पृष्ठभाग, आणि प्रत्येक फांदीभोवती पाणी खेळते. पेशींना असाच फांद्यांचा आधार द्यावा असे त्यांच्या मनात आले, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. आधारासाठी नवा पदार्थ शोधायची गरज नव्हती. टाक्यांचे विरघळणारे धागे हाताशी होते, परवाना मिळालेले आणि शरीराने स्वीकारलेले. १९८८ साली त्यांचा पहिला निबंध आला. १९९३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखाने या विषयाला ‘टिश्यू इंजिनिअरिंग’ या नावाने जगापुढे आणले.

आधाराच्या या जाळीला परांची म्हणू या. पण इमारतीच्या कामात त्याहून नेमकी उपमा सेंटरिंगची आहे. स्लॅब ओतताना खाली फळ्या आणि टेकू लागतात. काँक्रीट घट्ट होण्याआधी ते काढले तर स्लॅब कोसळतो, आणि कायम ठेवले तर घरात राहता येत नाही. इथे फरक एवढाच की सेंटरिंग काढायला मजूर नाही, ते आपोआप विरघळते. पेशी आपला स्वतःचा आधार, मुख्यतः कोलाजन नावाचे चिवट तंतू, विणत जातात आणि त्याच वेगाने कृत्रिम धागा कमी होत जायला हवा. या शास्त्राचे निम्मे यश आणि बहुतेक अपयश या वेळेच्या हिशेबात आहे.

जाळीही पाहण्यासारखी असते. पीजीएचे तंतू केसाहून कितीतरी बारीक असतात. ते मागावर न विणता विस्कटून, थर देऊन, एकमेकांत गुंतवले जातात. पिंजाऱ्याने पिंजलेल्या कापसाचा थर किंवा घोड्याच्या खोगिराखालचा नमदा डोळ्यांसमोर आणावा. या थरात नव्वद टक्क्यांहून अधिक जागा मोकळी असते. ती मोकळी जागाच कामाची. पेशी तिथे बसतात आणि अन्नरस तिथून वाहतो.

जगाला हे शास्त्र माहीत झाले ते एका उंदरामुळे. पाठीवर माणसाच्या कानासारखा कान असलेल्या त्या उंदराचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. त्याचा शास्त्रीय निबंध १९९७ साली आला. लोकांना वाटले माणसाचा कान उंदराला लावला. प्रत्यक्षात पीजीएची जाळी तीन वर्षांच्या मुलाच्या कानाच्या साच्यात घडवली होती, आणि पेशी होत्या वासराच्या सांध्याच्या कूर्चेतल्या. माणसाचे त्यात काहीच नव्हते, आकार सोडून.

कापडाची नळी, ठोक्यांची तालीम

आता रक्तवाहिनीकडे येऊ. खराब रक्तवाहिनी बदलण्याचे काम आधीही कापडच करीत असे. १९५०च्या दशकात ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डीबेकी यांनी दुकानातून डेक्रॉनचे कापड आणून पत्नीच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. डीबेकी हे लेबनॉनहून आलेल्या आईबापांचे चिरंजीव, आणि शिवणकाम त्यांना आईने शिकवलेले. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. भिवंडीच्या मागांवर रोज उतरते त्याच जातीचा धागा. जाड महाधमनीत ही नळी उत्तम चालते. पण नळी बारीक झाली, सहा मिलिमीटरच्या आत आली, की तिच्यात रक्त गोठते. आणि जखम मातीने वा धातूच्या तुकड्यांनी घाण झालेली असेल तर प्लास्टिकमध्ये जंतू घर करतात.

एमआयटीत लँगर यांच्याबरोबर काम करणाऱ्या डॉ. लॉरा निकलसन यांनी या बारीक नळीचा प्रश्न घेतला. पीजीएच्या जाळीचा पट्टा घेऊन त्यांनी तो लवचिक सिलिकॉन नळीभोवती गुंडाळून शिवला. त्यावर गाईच्या महाधमनीतल्या स्नायूपेशी पेरल्या आणि अन्नरसाच्या भांड्यात सोडल्या. इथवर नवीन काही नव्हते. नवीन होते ते पुढचे. आतल्या सिलिकॉन नळीला पंप लावून मिनिटाला १६५ ठोके देण्यात आले. दर ठोक्याला नळी किंचित फुगे आणि बसे. ही तालीम आठ आठवडे चालली.

व्यायामाने दंडाला बळ येते, तसे इथे झाले. ठोके मिळालेल्या नळीतील पेशींनी भरपूर कोलाजन विणले. त्या नळीने दोन हजार मिलिमीटर पाऱ्याहून अधिक दाब सोसला. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब १२० असतो, यावरून अंदाज यावा. ठोके न दिलेल्या नळ्या कमजोर राहिल्या. डुकरांवरील चाचणीत ठोके दिलेली नळी चार आठवड्यांपर्यंत वाहती राहिली, न दिलेली त्याआधीच गोठली. १९९९ साली ‘सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झाले.

विकायला मात्र हा माल तयार नव्हता. प्रत्येक रुग्णाच्या पेशी काढायच्या, वाढवायच्या, नळी करायची, म्हणजे दोन-तीन महिने. पाय फाटलेला माणूस तेवढे थांबत नाही. यावर निकलसन यांनी काढलेली तोड व्यापाऱ्याला पटेल अशी आहे. शिंप्याचा माल रेडिमेड केला. २००४ साली स्थापन झालेल्या ह्युमासाइटमध्ये पेशी रुग्णाच्या नसतात, मृत अवयवदात्यांच्या महाधमनीतल्या असतात. त्या पीजीएच्या नळीवर वाढतात, कोलाजनची भिंत विणतात, धागा विरघळतो. मग साबणासारख्या द्रावणांनी धुऊन त्या पेशीच काढून टाकतात. उरते ती फक्त त्यांनी विणलेली भिंत. तिच्यात परक्याची पेशी नसल्याने शरीर तिला झिडकारत नाही. ती गोदामात ठेवता येते, लागेल तेव्हा काढता येते. शरीरात गेल्यावर रुग्णाच्या स्वतःच्या पेशी हळूहळू तिच्यात वस्तीला येतात. कारागीर गेला, कापड उरले, आणि नेसणाऱ्याने ते आपले केले.

२०१२च्या डिसेंबरात पोलंडमध्ये डायलिसिसच्या रुग्णांत ही नळी प्रथम बसवली गेली. २०२२ नंतर युक्रेनच्या युद्धातील जखमींनाही ती मिळाली. परवान्याचा आधार ठरलेल्या मुख्य अभ्यासातील ५४ जखमींपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांची नळी तिसाव्या दिवशी कसल्याही दुरुस्तीविना वाहती होती. पाच जणांचा अवयव कापावाच लागला. नळी फाटणे, जोड सुटणे किंवा रक्त गोठणे घडू शकते, असा इशारा परवान्यासोबतच छापलेला आहे. कंपनीने सुरुवातीला जाहीर केलेली किंमत एका नळीला २९,५०० डॉलर होती.

माल खरा, हिशेब खोटा

या धंद्याची दुसरी बाजू पायाच्या जखमेवरील पट्टीच्या कहाणीत दिसते. मधुमेहाने पायाची संवेदना जाते, खडा टोचलेला कळत नाही, जखम महिनोन्‌महिने भरत नाही आणि शेवटी पाय कापण्याची वेळ येते. गादीवर दिवसभर बसणाऱ्या आपल्या किती व्यापारी कुटुंबांत हे घडले असेल, ते ज्याचे त्याने आठवावे.

कॅलिफोर्नियाच्या ॲडव्हान्स्ड टिश्यू सायन्सेस या कंपनीने विक्रिलच्याच जाळीवर त्वचेच्या पेशी वाढवून ‘डर्माग्राफ्ट’ ही पट्टी बनवली. या पेशी कुठून आल्या हे वाचून वाचकांना नवल वाटेल. अमेरिकेत जन्मतः मुलांची सुन्नत करण्याची चाल मोठ्या प्रमाणावर आहे, आणि त्यातून निघालेल्या कातडीतल्या या पेशी. नवजात बालकाच्या पेशी जोमाने वाढतात, एका तुकड्यातून हजारो पट्ट्या निघतात. २००१ साली पट्टीला परवाना मिळाला. चाचणीत बारा आठवड्यांत या पट्टीने ३० टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली, नेहमीच्या उपचाराने १८ टक्क्यांची. म्हणजे फायदा खरा, पण माफक. दहांतल्या सात जणांची जखम पट्टी लावूनही त्या मुदतीत भरली नाही.

परवाना मिळाल्यावर वर्षभरात, २००२ साली, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ‘ॲप्लिग्राफ’ ही तशाच कामाची पट्टी करणाऱ्या ऑर्गनोजेनेसिसनेही त्याच वर्षी. जिवंत माल बनवायला महाग, टिकायला नाजूक, गोठवून पाठवावा लागतो, आणि संशोधनावरचे कर्ज डोक्यावर. विक्रीच्या पहिल्या वर्षात हे भागणार कसे? डर्माग्राफ्ट पुढे हातोहात फिरली. २०११ साली शायर या मोठ्या औषध कंपनीने ती बनवणारी कंपनी ७५ कोटी डॉलरला घेतली, आणि तीनच वर्षांत हा माल ऑर्गनोजेनेसिसच्या गळ्यात घालून ती बाहेर पडली. विक्री वाढवण्यासाठी डॉक्टरांना जेवणावळी, सहली, भेटी आणि रोख दिल्याचा आरोप अमेरिकी सरकारने ठेवला. २०१७ साली शायरने ३५ कोटी डॉलर भरून तो मिटवला. चांगला माल रिश्वतीने खपवायला गेले की काय होते याचा याहून महाग दाखला निदान मला तरी ठाऊक नाही.

मूत्राशयाचेही असेच झाले. डॉ. अँथनी अटाला यांनी १९९९पासून सात मुलांना, कोलाजन आणि पीजीएच्या पिशवीवर त्यांच्याच पेशी वाढवून, मूत्राशयाचा नवा भाग बसवला. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आले तेव्हा जगभर मथळे झळकले. टेंजिऑन ही कंपनी ते काम बाजारात न्यायला निघाली. पण पुढच्या चाचणीत मुलांना अपेक्षित लाभ झाला नाही आणि २०१४ साली कंपनी बुडाली.

स्टॉकहोमची श्वासनलिका

हे सगळे पैशाचे नुकसान. स्टॉकहोमला माणसांचे जीव गेले. पाओलो मॅकियारिनी या सर्जनने २०११ साली कॅरोलिन्स्का रुग्णालयात प्लास्टिकची श्वासनलिका, तिच्यावर रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी जेमतेम दोन दिवस फिरवून, बसवली. जगभर वाहवा झाली. ज्या दोन गोष्टींवर हे शास्त्र उभे आहे त्या दोन्ही इथे नव्हत्या. प्लास्टिक विरघळणारे नव्हते आणि पेशींना रक्त पुरवणारी एकही नलिका नव्हती. पेशी मेल्या, उरली ती घशातली परकी वस्तू. जनावरांवरची पुरेशी परीक्षाही आधी झालेली नव्हती. स्टॉकहोमला शस्त्रक्रिया झालेले तिन्ही रुग्ण दगावले. रुग्णालयातल्याच काही डॉक्टरांनी नोंदी तपासून तक्रार केली, तेव्हा संस्थेने प्रथम सर्जनचीच बाजू घेतली. २०२३ साली अपील न्यायालयाने मॅकियारिनीला गंभीर शारीरिक इजेच्या गुन्ह्याखाली अडीच वर्षांची कैद सुनावली.

हलाल-हरामचा प्रश्न

आमचा वाचक इथे विचारणारच, की या मालात डुक्कर आहे का? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर मालागणिक वेगळे आहे. पीजीए आणि पॉलिलॅक्टिक आम्ल हे कारखान्यातले पदार्थ, त्यांत प्राण्याचा अंश नाही. कृत्रिम परांचीचा हा मोठा गुण. पण पेशी वाढवताना इतर पदार्थ लागतात. पेशींना बशीपासून सोडवण्यासाठी ट्रिप्सिन वापरतात, ते पूर्वापार डुकराच्या स्वादुपिंडातून काढले जाते. आता प्रयोगशाळेत बनवलेले पर्यायही मिळतात. अन्नरसात गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचा रस घालण्याची रीत आहे. हे पदार्थ धुऊन टाकले जातात, पण वापरले जातात हे खरे.

परांची प्राणिज असेल तर प्रश्न अधिक थेट होतो. आपल्याच देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेल्या ‘कोलिडर्म’ या जखमेच्या पट्टीला २०२३ साली मान्यता मिळाली. ती डुकराच्या पित्ताशयातील पेशी काढून उरलेल्या जाळीची आहे. शास्त्र म्हणून काम चांगले आहे. पण वापरण्याआधी आपल्याला माहीत असले पाहिजे.

फतवा देणे हे या पानाचे काम नव्हे. काही गोष्टी नमूद करतो. १९८८ साली जिद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने, माणसाच्या शरीराचा भाग त्याच्याच शरीरात दुसरीकडे लावणे, फायदा नुकसानीहून अधिक असेल तर, जायज ठरवले. स्वतःच्या पेशींपासून केलेल्या मालाचा विचार करताना हा ठराव उपयोगी पडावा. इस्तिहाला, म्हणजे नापाक वस्तूचे मूळ रूप पूर्ण पालटले की हुकूमही पालटतो, या तत्त्वाला हनफी फिकहमध्ये मोठा वाव आहे. शाफई मजहबात तो मर्यादित आहे. मालेगाव-भिवंडीचा हनफी मोमीन आणि रत्नागिरीचा शाफई कोकणी यांना आपापल्या आलिमांकडून वेगळे उत्तर मिळू शकते. चामड्याच्या व्यापाऱ्यांना दबागतीच्या मसल्यावरून ही चर्चा ओळखीची आहे. जीव वा अवयव वाचवण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा जरूरतीचा नियम लागतो, तोही आलिम आणि दीनदार डॉक्टर दोघांना विचारून.

आपल्या मागांसाठी यात काय?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागावर उद्या रक्तवाहिनी विणली जाईल असे सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. या धाग्याला दमट हवासुद्धा सोसत नाही, पाण्यानेच तो तुटतो. तो बनतो आणि गुंतवला जातो तो धूळ गाळलेल्या, कोरड्या, बंद खोल्यांत. पण या शिडीच्या खालच्या पायऱ्या आपल्या आवाक्याबाहेर नाहीत. जखमेची जाळीदार पट्टी, बँडेज, शस्त्रक्रियेची चादर, पुढे हर्नियाची जाळी. हा सगळा विणकामाचाच माल आहे आणि कापडाच्या मीटरमागे मिळतो त्याच्या कितीतरी पट भाव त्याला मिळतो. केंद्र सरकारने २०२० साली राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानाला १,४८० कोटी रुपये मंजूर केले. वैद्यकीय वस्त्रांसाठी कोइमतूरच्या सिट्रा या संस्थेला विशेष केंद्राचा दर्जा आहे, तिथे चाचणीची आणि प्रशिक्षणाची सोय आहे. अडचण मागाची कमी आणि कागदाची अधिक. २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार मालाचे जोखमीप्रमाणे चार वर्ग आहेत. खालच्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याकडून मिळतो, वरच्या दोन वर्गांचा केंद्राकडून. शरीराच्या आत राहणारा माल वरच्या वर्गांत मोडतो. प्रत्येक लॉटची नोंद आणि निर्जंतुकीकरणाचा पुरावा द्यावा लागतो. रोख घेऊन, चिठ्ठीवर हिशेब ठेवून हा धंदा होत नाही. एकट्या कारखानदाराला झेपत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून एक स्वच्छ खोली उभी करणे अशक्य नाही. शिकलेला मुलगा घरात असेल तर त्याला या कामाला लावावे.

आणि गिऱ्हाईक म्हणून एक खबरदारी. ‘स्टेम सेल’ने गुडघा, किडनी, लकवा, सारे बरे करतो अशा जाहिराती जागोजाग दिसतात, आणि हताश माणूस दुकान गहाण ठेवून पैसे भरतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांतील प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीत करता येतो, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे: डॉक्टरसाहेब, पेशी कोणाच्या आहेत? त्या कशावर वाढवल्या, त्यात कोणते जनावर आहे? परवाना असेल तर नंबर काय? चाचणी असेल तर सरकारी नोंदणीचा क्रमांक काय? आणि चाचणी असेल, तर हे बिल कशाचे?